समासातले दोन तळवे

सरकारी दवाखान्यात दहा-बारा वर्षं काढली की माणसाला एक कला साधते. मान वर न करता सही करायची. मला ती फार छान जमायची. मावळातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते, आजही तिथेच आहे. सकाळची ओपीडी म्हणजे ताप, खोकला, विंचू चावलेले, विळा लागलेले आणि शनिवार-रविवार असला तर लोणावळ्याच्या वाटेवर कुठेतरी दगडावरून घसरलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे. त्या गर्दीत मधूनच दोन हवालदार एखाद्याला दंडाला धरून आत आणायचे. "मॅडम, मेडिकल करून द्या. कोर्टात हजर करायचंय."

अटक केलेल्या माणसाला कोर्टापुढे नेण्याआधी डॉक्टरनं तपासायचं, आणि तो पोलीस कोठडीत राहिला तर दर दोन दिवसांनी पुन्हा तपासायचं, असा नियम आहे. चौकशीच्या नावाखाली कुणी हात उगारला तर त्याची खूण कागदावर उतरावी, एवढ्यासाठी. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या टेबलावर वेगळंच चालायचं. मी खुर्चीतूनच विचारायचे, "काही त्रास?" तो हवालदाराकडे बघायचा आणि म्हणायचा, "न्हाई." मी लिहायचे, अंगावर ताज्या जखमा नाहीत. सही, शिक्का, पुढचा पेशंट. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आमच्याकडे एक मावशी होत्या, सफाईच्या कामाला. कान्ह्याहून लोकलनं यायच्या आणि आल्या आल्या सगळी फरशी पुसून काढायच्या. त्यांचा एक कायदा होता. चपला दाराबाहेर, आणि पाय चिखलाचे असतील तर आधी नळावर. नळापाशी त्यांनी इंद्रायणीच्या काठावरून आणलेला एक खरबरीत काळा दगड ठेवला होता, टाचा घासायला. या कायद्यातून सरपंच सुटला नाही की फौजदार सुटला नाही. एकदा मी त्यांना जरा शहाणपणानं सांगायला गेले की मावशी, जंतू असे पाय धुऊन जात नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं जंतू तुमी मारा बाई. चिखल माझा हाय."

तो माणूस पहिल्यांदा आला तो आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. भाजे गावचा, तिशीचा. लोणावळ्यात एका बंगल्याची रखवाली आणि बागकाम करायचा. भाताची लावणी म्हणून चार दिवस घरी आला होता आणि नेमकी तेव्हाच बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्यांची सोन्याची साखळी हरवली. घरी गेलेला गडी म्हणजे पळालेला गडी, असा सरळ हिशेब झाला. पोलिसांनी त्याला खाचरातूनच उचललं. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर घाईघाईत चढवलेला शर्ट. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मान वर केली नव्हती. मला फक्त बाहेरून मावशींचा आवाज आल्याचं पुसट आठवतं, रोज यायचा तसा. तो आत आला, मी विचारलं, तो नाही म्हणाला, मी सही केली.

कोर्टानं त्याला पोलीस कोठडी दिली. दोन दिवसांनी तेच हवालदार त्याला परत घेऊन आले. मी पेन उचललंच होतं. तेवढ्यात मावशी आत आल्या, हातात पोछ्याचा दांडा तसाच. ओपीडी चालू असताना त्या कधीच आत यायच्या नाहीत.

"बाई, त्येचं पाय बगा," त्या म्हणाल्या.

"मावशी, बाहेर थांबा."

"न्हाई थांबत. आदी पाय बगा."

हवालदार हसला. म्हणाला, "कोठडीत पाय घसरून पडलाय मॅडम, किरकोळ आहे." हसला नसता तर मी कदाचित बघितलंही नसतं, हे मला कबूल करायला हवं. त्याच्या हसण्याचा मला राग आला. मी उठले. तो माणूस भिंतीला धरून उभा होता, पावलांच्या बाहेरच्या कडांवर, अनवाणी. त्याला बाकावर झोपवलं आणि तळवे बघितले. सुजून टम्म, जांभळे-काळे, आणि त्यावर आडव्या पट्ट्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. मांड्यांच्या मागेही तसंच. पडून कुणाच्या तळव्यांवर पट्टे उमटत नाहीत. मी दोन्ही हवालदारांना बाहेर काढलं आणि दार लावलं. माझा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला म्हणे.

दार लागल्यावर तो बोलला. साखळी कुठे ठेवलीस, एवढा एकच प्रश्न दोन दिवस विचारत होते. तेच दोघं होते, आता दाराबाहेर उभे असलेले. एक पाय बांधून धरायचा, दुसरा पट्ट्यानं मारायचा. "काय सांगू बाई? ठेवलीच न्हाई तर कुटं ठेवली सांगू?"

मी लिहायला घेतलं. त्या फॉर्मवर माणसाच्या अंगाचं छापील चित्र असतं, पुढून आणि मागून, जखमा कुठे आहेत ते दाखवायला. त्यात तळवेच नव्हते. चित्रातला माणूस जमिनीवर उभा, त्याचे तळवे कुणाला दिसणार! म्हणून मी समासात दोन तळवे काढले आणि त्यावर एकेक पट्टा मोजून आखला. माझी चित्रकला तिसरीतच थांबली आहे. ते तळवे भरल्या वांग्यांसारखे दिसत होते. पण लांबी, रुंदी, रंग सगळं नीट लिहिलं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यातल्या एका साहेबांचा फोन आला. मॅडम, एवढं बारीक कशाला लिहिलंत? आमच्या वरिष्ठांनीही समजावलं, "विकतचं दुखणं कशाला घेता?" मी म्हटलं, आता कागद गेला. खरं तर कागद जायला अजून अर्धा तास होता आणि मला घाम फुटला होता. पण गेला.

पुढच्या वेळी त्याला कोर्टात उभं केलं तेव्हा न्यायाधीशांनी तो कागद वाचला, पोलिसांना बाहेर जायला सांगितलं आणि त्याला विचारलं. पहिल्या खेपेला "तक्रार आहे का" म्हटल्यावर तो नाही म्हणाला होता, कारण तोवर त्याला कुणी हात लावला नव्हता. या वेळी त्यानं पाय वर करून दाखवले. चौकशी लागली, त्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. साखळीचं म्हणाल तर ती महिन्याभरानं पाहुण्यांच्याच बॅगेच्या अस्तरात सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

मग सहा पावसाळे गेले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आमच्याकडे म्हणतात, पण त्याला पायरी चढायलाच त्रास व्हायचा, शहाणपणाचं नंतर बघू. बंगल्याचं काम गेलं. खाचरात तासभर उभं राहिलं की तळव्यांतून कळ निघायची, म्हणून लावणीला आई आणि बायको, तो बांधावर बसून आवणाच्या रोपांच्या जुड्या बांधायचा. गावात लोक म्हणायचे, पोलीस उगाच कशाला मारतील? काहीतरी केलं असेल. औषधाला तो माझ्याकडेच यायचा. मी एकदा विचारलं की तुला या केसमधून काय हवंय.

"मला काय नको बाई. मी पडलो न्हवतो, मला मारलं, एवढं कुनीतरी मोठ्या मानसानं लिवून द्यावं. गावात दावाया."

माझी साक्ष लागली तेव्हा सरकारी वकिलांनी मला कोर्टाच्या आवारात गाठलं. सज्जन माणूस, फायलींच्या ओझ्यानं वाकलेला. ते म्हणाले, "डॉक्टर, आपली केस तुमच्या दोन कागदांवर उभी आहे. अटकेच्या दिवशी जखम नाही, दोन दिवसांनी जखम आहे. मधले दोन दिवस तो कोणाच्या ताब्यात होता, ते जगाला माहीत आहे. तुम्ही फक्त कागद खरे आहेत म्हणा आणि खाली उतरा."

दुसरा कागद खरा होता. पहिला? पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, इतकी ती सवय अंगवळणी पडली होती.

बचावाचे वकील हुशार होते. आधी त्यांनी माझ्या चित्रावर तोंडसुख घेतलं. "हे काय आहे डॉक्टर?" मी म्हटलं, तळवे. "मला वाटलं वांगी." लोक हसले, मीही हसले असते. मग ते अचानक गंभीर झाले. त्यांचं म्हणणं होतं की या माणसाला अटकेआधीच गावातल्या कुणीतरी मारलं होतं, पोलिसांनी नव्हे. त्यांनी पहिला कागद वर धरला.

"या दिवशी तुम्ही त्याचे तळवे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते का?"

तो समोरच्या बाकावर बसला होता, शेजारी त्याची आई. हो म्हटलं की संपलं. मला कोण खोटं पाडणार होतं? आणि एका खरोखर मार खाल्लेल्या माणसाला न्याय मिळणार होता. एवढं चांगलं कारण खोटं बोलायला मला आयुष्यात पुन्हा मिळालं नसतं. पण माझ्या मनात एकच आलं. न बघता 'जखमा नाहीत' लिहिणं हेही खोटंच होतं, आणि त्याच खोट्यावर ते दोघे बेफिकीर झाले होते. त्यांना ठाऊक होतं, या बाई बघत नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "मी त्याला तपासलंच नव्हतं. नुसती सही केली होती."

सरकारी वकिलांनी डोळे मिटले. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत रागही नव्हता, आणि म्हणूनच मला ती सहन झाली नाही. बाहेर येऊन मी त्याला म्हटलं, मला माफ कर, मी तुझी केस घालवली. तो म्हणाला, "खरं बोललासा न्हवं? मंग ऱ्हाऊ द्या." मी परतीच्या गाडीत देहूरोडपर्यंत रडले. मग लोक बघायला लागले म्हणून थांबले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सगळ्यांवर खेकसत होते. दुपारी मावशींनी चहा आणून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "काय झालं त्ये बोला. उगा त्या पोरीवर का खवळता?" पोरगी म्हणजे आमची नर्स. मी सांगितलं. पहिल्या दिवशी त्याचे पाय कसे होते हे सांगणारं आता कुणीच नाही, म्हटलं.

मावशी माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मीच पेशंट आहे.

"त्येचं पाय? म्यां बगितल्यात की. म्यांच न्हाई का धुवाया लावलं? चांगलं टाचा घासून. तुमी हितंच बसलावता."

मी चहाचा कप खाली ठेवला. बाहेरून ऐकू आलेला तो आवाज! सहा वर्षं तो माझ्या कानात पडून होता आणि मला सुचलं नव्हतं. मावशींना कुणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही, मीही नाही. फरशी पुसणाऱ्या बाईला साक्षीदार कोण समजतो!

सरकारी वकिलांनी अर्ज दिला, विरोध झाला, पण न्यायाधीशांनी नवा साक्षीदार बोलवायला परवानगी दिली. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. कोर्टाच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या आणि शिपाई नको नको म्हणत असताना तशाच पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी त्याला नळावर पाठवलं. तो एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय दगडावर घासला, मग पाय बदलला. त्या शेजारी उभ्या राहून टाच राहिली, टाच राहिली म्हणून सांगत होत्या. तळवे पांढरे स्वच्छ निघाले. कुठे वण नाही, सूज नाही.

बचावाचे वकील गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही रोज किती लोकांचे पाय बघता! सहा वर्षांपूर्वीचे हेच पाय कसे लक्षात राहिले?"

मावशींनी आधी पदर सारखा केला. मला वाटलं, अडकल्या. मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या.

"सायेब, दोन दिसांनी त्यो परत आला. म्यां सवयीपरमानं म्हनलं, जा, नळावर पाय धू. त्येनं त्या दगडाकडं बगितलं आन लहान पोरावानी रडाया लागला. म्यां त्येला पाय धू म्हनलं ना सायेब! त्या पायांनी! त्ये मी कसं इसरू?"

वकिलांनी एकच प्रश्न आणखी विचारला, तुम्हाला वैद्यकीय ज्ञान आहे का. मावशी म्हणाल्या, "न्हाई. पन धुतल्याला पाय आन सुजल्याला पाय मला कळतो." ते खाली बसले.

निकाल दिवाळीनंतर लागला. दोघांनाही शिक्षा झाली. त्यांच्या वरच्या साहेबावर कधी गुन्हाच दाखल झाला नव्हता, त्यामुळे तो सुटला असंही म्हणता येत नाही. अपील झालंय, ते किती वर्षं चालेल कुणास ठाऊक. सगळं जग सुधारलं असं सांगायला मी काही भाबडी नाही. पण पोलीस चौकीत मारणं हे आपलं चालतंच, असं ज्या गावात म्हणायचे त्याच गावात आता 'मारलं तर कोर्ट विचारतं' असं म्हणतात. हा फरक मी माझ्या कानांनी ऐकला आहे आणि तो मला फार मोठा वाटतो.

दवाखान्यातही बदललं. आरोपी आला की मी खुर्चीतून उठते. पोलीस दाराबाहेर थांबतात. आधी कुरकुर करायचे, आता एक तरुण हवालदार तर न सांगता म्हणतो, "मॅडम, मी बाहेर आहे." शर्ट काढायचा, पाय वर करायचे. जखम नसली तरी समासात दोन तळवे काढून खाली लिहायचं, पाहिले, स्वच्छ. तालुक्यातल्या आणखी दोन डॉक्टरांनी हे उचललंय. त्यांचे तळवे माझ्यापेक्षा बरे येतात.

निकालाची प्रत मिळाल्यावर तो ती घेऊन थेट दवाखान्यात आला. भातकापणी संपत आली होती, पाय धुळीनं माखलेले. मावशी दारातच पुसत होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला कधीही पाय धू म्हटलं नव्हतं, सहा वर्षांत एकदाही नाही. तो आला की त्या पोछा बाजूला घेऊन गप्प उभ्या राहायच्या, आणि तो गेल्यावर फरशी परत पुसायच्या. त्या दिवशीही त्या बाजूला झाल्या. तो मात्र आपणहून नळाकडे वळला. भिंतीला एक हात टेकून त्यानं पाय दगडावर ठेवला आणि हळूहळू घासला, मग दुसरा.

"टाच बी घासली, मावशी," तो म्हणाला.

मावशींनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "डावी राह्यलीया."

त्यानं डावी पुन्हा घासली.

आत येऊन त्यानं कागद माझ्यापुढे ठेवला. वाचून दाखवा म्हणाला. न्यायाधीशांनी दोन ओळी माझ्याबद्दलही लिहिल्या होत्या, की पहिल्या तपासणीत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कर्तव्यात अक्षम्य हयगय केली. त्या मी आधी वाचल्या, कारण नंतर वाचायचा धीर झाला नसता. मावशी म्हणाल्या, "बरूबर लिवलंय." मी मान हलवली. मग ती ओळ आली. फिर्यादी पडला नव्हता. ताब्यात असताना चौकशीदरम्यान त्याच्या तळपायांवर मारहाण करण्यात आली, हे सिद्ध झाले आहे.

त्यानं कागदावर बोट ठेवून ती ओळ नेमकी कुठे आहे ते विचारलं. मी दाखवलं.

"परत वाचा बाई," तो म्हणाला.

मी परत वाचली, आता जरा मोठ्यानं, कारण बाहेरच्या रांगेतले लोक दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांत भाज्याचेही दोघंतिघं होते.